‘येतो हां’ म्हणून गेलेल्या भिडूचं काय करावं?

घरी पोकरची टुर्नामेंट भरवायची हौस तुम्हाला आली असेल, तर आधी अभिनंदन घ्या आणि लगेच सांत्वनही. पत्ते मिळतात, भिडू मिळतात, चटई तर घरचीच असते. शेवटपर्यंत बसणारा माणूस तेवढा मिळत नाही. आमच्या वाडीत हा खेळ 2020च्या लॉकडाउनात डोंबिवलीच्या भाच्याने आणला. तोवर आम्ही मेंढीकोट खेळायचो. मेंढीकोटात एक उठला की डावच मोडतो, म्हणजे उठणाऱ्याला चार शिव्या हासडून उरलेल्यांना झोपायला मोकळं होता येतं. पोकरात एक उठला तरी खेळ चालूच राहतो, आणि घरधन्याचे हाल तिथूनच सुरू होतात. पहिला उठला तोही भाचाच. अमेरिकेची मीटिंग म्हणाला. खेळ पडवीत ठेवून गेला.

पहिली काळजी घ्या ती पैशांची. जुगार प्रतिबंधक कायदा 1887चा असला तरी अजून जिवंत आहे. आमच्याकडे म्हणून प्रवेश-फी एक नारळ. आठ भिडू, आठ नारळ: पहिल्याला पाच, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पैशांच्या जागी मांडायच्या चिप्स बागेतल्याच. चिंचोका पंचवीसचा, काजूबी शंभराची, सुपारी पाचशेची. प्रत्येकाला पाच हजारांचा माल, ब्लाइंड (दर हाताला पत्ते बघण्याआधीच दोघांनी पाळीपाळीने लावायची सक्तीची रक्कम, एक छोटी, एक मोठी) दर वीस मिनिटांनी वर. (सुपारी पाचशेची ठेवू नका. चिप्स चघळणारे भिडू असतात.)

आता मूळ दुखणं. आपल्यात कुणी ‘जातो’ म्हणत नाही. जातो म्हणणं अशुभ, म्हणून माणूस ‘येतो’ म्हणतो आणि जातो. एरवी हा गोडवा आहे, टुर्नामेंटमध्ये हा घात आहे. पोस्टातले भाऊ रात्री दहाला उठून ‘येतंय हां’ म्हणाले तेव्हा त्यांच्यापुढे सात हजार होते. ते परसात निघाले होते की घरी, हे कुणाच्या बापाला कळणार? विचारायचीही सोय नाही. उठलेल्या माणसाला ‘खंय जातंस?’ असं पाठीमागून विचारलं की त्याचं काम होत नाही, असं आमच्या आजीने सांगून ठेवलंय. तेव्हा विचारू नका. त्यांचे पत्ते वाटत राहा.

खरंच वाटत राहा, नियमच तसा आहे. मोठमोठ्या टुर्नामेंटमध्येही गैरहजर माणसाला पत्ते वाटतात, मग ते मोडीत टाकतात आणि ब्लाइंड तेवढे त्याच्या ढिगातून उचलतात. ऐकायला न्याय्य वाटतं. आता हिशेब बघा. आमच्याकडे खेळापेक्षा गप्पा जास्त, वीस मिनिटांत फेरी एकच होते, म्हणजे छोटा आणि मोठा ब्लाइंड एकेकदाच. 100-200ला भाऊंचे तीनशे गेले, मग साडेचारशे, सहाशे, नऊशे, बाराशे, पंधराशे. दोन तासांत चार हजार नऊशे पन्नास. माणसं कमी झाली तशा फेऱ्या थोड्या वाढल्या, पण बारा वाजता भाऊंच्या पाटासमोर हजार-बाराशे शिल्लक होतेच. तेवढ्या वेळात पाच जण जिवाच्या आकांताने खेळून, एक्क्यांच्या जोड्या हातात घेऊन, फ्लॉपला, म्हणजे मधोमध पहिली तीन पानं उघडताच, नशीब फुटून उठले होते. भाऊ तिसरे आले. आयुष्यातला त्यांचा हा सर्वोत्तम खेळ, आणि तो त्यांनी घरी घोरत खेळला. सकाळी टपालाबरोबर नारळ न्यायला आले तेव्हा म्हणाले, “मी सावधच खेळतंय नेहमी.”

यावर उपाय म्हणून काही शहाणे सांगतील की निघालेल्याचा ढीग सरळ काढून टाका. जरूर टाका. चाळीस हजारांतले सात हजार हवेत गेले की उरलेले सातही जण तुमच्यावर तुटून पडतील, कारण त्या सात हजारांवर प्रत्येकाचा मनातल्या मनात डोळा होता. सगळ्यात मोठ्याने मास्तर ओरडतील. मास्तर दर वेळी रिकाम्या पाटाच्या उजव्या हाताला बसतात. योगायोग समजू नका. रिकाम्या पाटावर मोठा ब्लाइंड आला की बाकीचे मुकाट पत्ते टाकतात, मास्तर थोडं वाढवतात आणि भाऊंचे चिंचोके विनासायास ओढून घेतात. तीस वर्षं शाळेत गैरहजेरी मांडण्यात गेली, आता कुठे तिचं चीज होतंय. भाऊ उठायच्या आधीच कधीकधी मास्तर त्यांना आठवण करून देतात, “भाऊंनू, उद्या ड्युटी आसा मां?”

दुसरा प्रकार सज्जनांचा. यांना घाई असते पण तुम्हाला अडचणीत टाकवत नाही, म्हणून ते पत्ते न बघताच ऑल-इन करतात, म्हणजे पुढ्यातला सगळा ढीग एकदम लावतात. हरलो की सुटलो, असा उदात्त विचार. अशा माणसाचा तुम्ही कितीही सत्कार करा, तो समोरच्या एका भाग्यवंताला पाच हजार देवाच्या प्रसादासारखे वाटून जातो आणि तुमची टुर्नामेंट तिथेच संपते. त्याहून वाईट म्हणजे तो जिंकतो. मग दुप्पट ढीग पुढे घेऊन रडवेला बसतो, पुन्हा ऑल-इन करतो, पुन्हा जिंकतो. आमच्याकडे एकाची सव्वानऊची वस्तीची एसटी अशीच चुकली. त्याला आम्ही पहिला नंबर दिला, अंथरूणही दिलं.

कारणांची छाननी शिका. बिबट्या, सासू आणि ‘घरात एकटीच आसा’ ही तीन कारणं न तपासता मान्य करा, वाद वाढतो. खरी परीक्षा होडीवाल्याची. तो दहाच्या सुमारास बाहेर कान देतो आणि गंभीरपणे म्हणतो, “भरती लागली, होडी वर ओढूक व्हयी.” समुद्रापुढे कोण बोलणार? तुम्ही बोला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला पूर्ण भरती, बाराला पूर्ण ओहोटी. म्हणजे रात्री दहाला पाणी उतरतंय आणि होडी वाळूत निवांत पडलीय. हे मी एकदा पत्ते वाटतावाटता शांतपणे सांगितलं. होडीवाला गप्प बसला आणि त्या रात्री त्याने मला साफ केलं. पुढल्या शनिवारी आला तेव्हा त्याच्या खिशात कॅलेंडर होतं. तेव्हापासून तो चतुर्दशीलाच खेळायला येतो, त्या तिथीला त्याचं कारण साडेदहाला पक्कं असतं.

जेवण लवकर वाढू नका, हे सांगायला नको. कोंबडी-वडे साडेआठला वाढलेत की पावणेनऊला निम्मी पडवी ‘येते’. ब्लाइंड 300-600 होईस्तोवर वड्याचं पीठ तिंबूच नये. सोलकढी मात्र आधी द्या. वडे येणार आहेत ही आशा तिने टिकते.

एवढं करूनही भागलं नाही तर गाऱ्हाणं घाला. आमच्याकडे आता पत्ते पिसण्यापूर्वी घालतात: “बा देवा म्हाराजा, ह्या पडवीत जो कोण ‘येतंय’ म्हणान उठात आणि येवचो नाय, तेच्या हातात जल्मभर सत्ती-दुरीच पडांदे रे म्हाराजा!” सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. सत्ती-दुरीहून वाईट पत्ते या खेळात नाहीत, त्यामुळे देवालाही कामाचं स्वरूप नीट समजतं. अडचण इतकीच की जो गेला त्याचे पत्ते कुणी उघडून बघत नाही, तेव्हा शाप लागला की नाही ते कळत नाही. बसलेल्यांना मात्र सत्ती-दुरी भरपूर येते.

गेल्या शनिवारी आमची प्रगती कुठवर पोचली ते सांगतो. मी पाचवा बाद झालो, पण घरधनी, म्हणून वाटप माझ्याकडे. साडेबाराला दोघं उरले: मास्तर आणि भाऊंचा पाट. भाऊ अर्थातच साडेनऊलाच ‘येतंय’ म्हणाले होते. मास्तरांना पाच नारळ समोर दिसत होते. दोन-चार हातांची बाब. एवढ्यात त्यांनी जांभई दिली, गुडघ्यावर हात ठेवून उठले, खळ्याकडे बघत म्हणाले, “वायच येतंय हां.”

नियम म्हणजे नियम. मी दोन पत्ते भाऊंच्या पाटासमोर वाटले, दोन मास्तरांच्या. एकाचा छोटा ब्लाइंड काढला, दुसऱ्याचा मोठा. छोट्याचे पत्ते मोडीत टाकले, चिंचोके मोठ्याकडे सरकवले. पुढच्या हाताला उलट. एकाकडून गेलेलं त्याच्याकडेच परत येत होतं. दोन वाजता ब्लाइंड वाढवले, तरी तेच. कंदिलाभोवती पाखरं जमली होती, कुत्रा भाऊंच्या पाटावर येऊन झोपला होता. माजघराचं दार करकरलं.

“तुमी कोणाक पत्ते वाटतास हो?”

“थांब गो,” मी म्हटलं, “मास्तरांचो ब्लाइंड आसा.”