देऊळ फिरलं, पण का फिरलं?

भाच्याने आषाढीच्या शाळेतल्या दिंडीत करायचं भाषण परवा रात्री मला पाठवलं. "मामा, एकदा वाचून बघा, सकाळी सरांना दाखवायचंय." नववीतलं पोरगं, अक्षर बरं आहे. पण भाषण त्याचं नव्हतंच. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पंधरा दिवसांपासून फिरत असलेला मेसेज त्याने जसाच्या तसा वहीत उतरवला होता. मी तो न वाचता पुढे सरकत होतो. पोराच्या वहीत आल्यावर मात्र गप्प बसवेना.

मेसेजचं म्हणणं असं: संतांच्या काळात जातिभेद नव्हता, तो इंग्रजांनी आणला. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारापाशी आहे, हा त्यांचा सर्वोच्च मान. संत स्त्रियांना पूर्ण स्वातंत्र्य होतं. आणि वारीत आजही कुणी कुणाला जात विचारत नाही.

शेवटचं आधी उरकतो, त्यात थोडं तथ्य आहे. वारीत माणसं एकमेकांना माउली म्हणतात, पाया पडतात, आडनाव विचारत बसत नाहीत. मान्य. पण त्या पंधरा-वीस दिवसांवरून सातशे वर्षांच्या गावगाड्याचा हिशेब कसा लावणार?

आता इंग्रज. अहो, आपल्या मराठवाड्यावर इंग्रजांचं थेट राज्य कधी नव्हतंच! 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथे निजाम होता. मग आपल्या गावांतले वेगळे पाणवठे काय बोटीतून उतरले? इंग्रजांनी जनगणनेत जातींचे रकाने आखले आणि जाती आणखी घट्ट झाल्या, असं अभ्यासक म्हणतात. तेवढं घ्या. पण घट्ट व्हायला ती गोष्ट आधी असावी लागते.

साक्षीला लांब जायला नको, आपले नर्सीचे नामदेव आहेत. औंढा नागनाथला गेलं की लोक पोरांना देवळामागचा नंदी दाखवतात आणि सांगतात, नामदेवांसाठी देऊळ फिरलं. का फिरलं, ते मात्र गुळमुळीत. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. त्यातल्या एकात हाच प्रसंग आहे आणि नामदेव तो स्वतःच्या तोंडाने सांगतात: 'भगति करत नामा पकरि उठाइआ'. भक्ती करत असलेल्या नाम्याला धरून उठवलं. पुढे ते देवालाच विचारतात, 'हीनड़ी जाति मेरी जादिम राइआ, छीपे के जनमि काहे कउ आइआ'. माझी जात हीन, यादवराया, मी शिंप्याच्या पोटी आलोच कशाला? त्याच पदाच्या शेवटी देऊळ फिरतं. या ग्रंथाची पहिली संहिता 1604 सालची. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी चार वर्षांची होती आणि हिंदुस्थानात तिची एक वखारसुद्धा नव्हती. नामदेवांना उठवणारे हात कुणाचे होते, हे आता ग्रुपवरच्या मंडळींनीच सांगावं.

पण माझं डोकं खरं फिरलं ते चोखोबांच्या ओळीवर. 'सर्वोच्च मान' म्हणे! मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि चोखोबा ढिगाऱ्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, समाधी झाली महाद्वाराबाहेर. नामदेवांनी जे केलं ते प्रेमाने केलं, त्याबद्दल वाद नाही. पण जिवंतपणी ज्याला त्या दाराच्या आत येऊ दिलं नाही, त्याच्या बाहेर असण्याला तुम्ही मान म्हणता? चोखोबा स्वतः काय म्हणाले ते वाचा की: 'हीन याती माझी देवा, कैसी घडे तुझी सेवा. मज दूर दूर हो म्हणती, तुज भेटू कवण्या रीती.' मान मिळालेला माणूस असं बोलतो? त्यांचा मुलगा कर्ममेळा तर देवालाच ऐकवतो: 'जन्म गेला उष्टे खाता, लाज न ये तुमचे चित्ता.' आणि महाद्वारापाशी मानच होता, तर साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपाशी कशाला बसले होते? दलितांना ते दार उघडलं ते त्या उपोषणानंतर. मधली सहाशे वर्षं मेसेज लिहिणाऱ्याने एका वाक्यात गिळली.

स्त्रियांच्या स्वातंत्र्याबद्दल एवढंच, की वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आहे. तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याने त्यांना मारलं, आणि हे त्यांनी स्वतःच अभंगांत लिहून ठेवलंय. ताई ते वाचून म्हणाली, "मेसेज कुण्या बाप्याने लिहिला असणार."

काल भाचा वही घेऊन घरी आला. चोखोबांच्या मानाची ओळ त्याने खोडली आणि वर चोखोबांचाच अभंग लिहिला. नामदेवांचं पदही घ्यायचंच म्हणतो. "मामा, सर रागावले तर?" म्हटलं, आधी पाठ कर. 'छीपे के जनमि'पाशी अजून जीभ अडकतीय त्याची.