पाण्यात बोट घालून हीटर चेक करायला सांगणाऱ्या फॉरवर्डबद्दल

नाशिकच्या मावसभावाने परवा रात्री साडेअकराला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एकच ओळ, "दादा हे बरोबर आहे ना, मी असंच करतोय." पहिलाच रीफ टँक (खाऱ्या पाण्यातला, प्रवाळ ठेवायचा) आहे त्याचा, २०० लिटरचा, दिवाळीत सायकल झाली (म्हणजे पाण्यात उपयोगी जिवाणू तयार झाले), आत्ता कुठे दोन झोआ आणि एक टॉर्च, अशी प्रवाळं आणलीयेत. हा मेसेज मला आधी पण तीनदा आलाय, तेव्हा हसून सोडून दिला. पण हा "करतोय" म्हणाला म्हटल्यावर झोपच उडाली.

मेसेजमध्ये 'हीटर कधीच दगा देणार नाही' असे पाच नियम आहेत. एक, चांगल्या ब्रँडचा हीटर फेल होत नाही, कंट्रोलरवर (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा वेगळा डबा) पैसे घालवू नका. दोन, एकच मोठा घ्या, ३०० वॅटचा. तीन, आठवड्यातून एकदा पाण्यात बोट बुडवा, झिणझिण्या आल्या तर हीटर बदला. चार, अर्थिंगची प्रोब (पाण्यात सोडून अर्थिंगला जोडलेली तार) टाकली की आरसीसीबी (करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच) लागत नाही. पाच, हीटर व्हिनेगरने धुवा आणि दर वर्षी बदला.

तिसऱ्यापासूनच सुरू करतो, कारण तो माणूस मारणारा आहे. अरे बाबांनो, हीटरची काच तडकली किंवा वरचं सील गेलं की २३० व्होल्ट थेट खाऱ्या पाण्यात येतात, आणि तुम्ही त्यात ओलं बोट घालून "टेस्ट" करताय? साधारण १ मिलीअँपला झिणझिण्या जाणवतात, १० च्या पुढे गेलं की स्नायू आखडतात आणि हात सोडवता येत नाही, म्हणजे तुमच्या टेस्टचा रिझल्ट आणि अपघात यात अंतर किती ते बघा. दुसरा हात टँकलाईटच्या पत्र्यावर किंवा लोखंडी स्टँडवर असेल तर करंट सरळ छातीतून जातो. पायात चप्पल असते म्हणे! पाणी बदलताना फरशी कोरडी असते का कुणाच्या घरी? आणि एमसीबी वाचवेल ही आशा सोडा, १६ अँपच्या एमसीबीला माणसातून जाणारे १०० मिलीअँप कळतसुद्धा नाहीत, त्याचं काम वायर जळू न देणं एवढंच.

चौथा नियम ह्याचाच भाऊ आहे. प्रोब चांगली गोष्ट आहे, मी स्वतः टाकलीये, पण आरसीसीबीसोबत. ३० मिलीअँपचा आरसीसीबी (बरेच इलेक्ट्रिशियन अजून ईएलसीबीच म्हणतात) गेलेला करंट आणि परत आलेला करंट जुळतो का ते बघतो, नाही जुळला की सप्लाय तोडतो. प्रोब असेल तर लीक झाल्या झाल्या करंट अर्थिंगकडे जातो आणि तुम्ही हात घालायच्या आधीच ट्रिप होतं. नुसती प्रोब टाकली तर करंटला वाट मिळते, तोडणारं कोणी नसतं. जुन्या वाड्यात, चाळीत अर्थिंगचाच पत्ता नसतो, तिथे प्रोब म्हणजे पाण्यात सोडलेली शोभेची तार. महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, हीच काय ती टेस्ट, बोटं बाहेर ठेवून.

आता ब्रँड. २०११ मध्ये अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने मरीनलँडच्या स्टेल्थ हीटर्सचा रिकॉल जाहीर केला, आग लागण्याचा आणि फुटून जखम होण्याचा धोका म्हणून, आणि आकडा दहा लाखांच्या वर होता. नावाजलेली कंपनी होती. म्हणजे ब्रँडचा हीटर फेल होत नाही हे वाक्य इथेच संपलं. मुळात आत दोन धातूंची पट्टी असते, गरम-गार होऊन वाकते आणि कॉन्टॅक्ट जोडते-तोडते, दर वेळी बारीक ठिणगी पडते, आणि झिजून झिजून एक दिवस कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. मग हीटर बंदच होत नाही. माझ्याकडे पुण्यात जानेवारीत हेच झालं, रात्री २५.५, सकाळी ३१, चार वर्षं वाढवलेली माँटीपोरा (तेही प्रवाळच) आठवड्यात पांढरी. महाग हीटर होता, नाव घेत नाही.

म्हणून कंट्रोलर. कंट्रोलर २५.५ वर, हीटरचं स्वतःचं डायल एक डिग्री वर, म्हणजे रोजचं काम कंट्रोलर करतो आणि तो अडकला (त्याचाही रिले चिकटतो बरं का) तर हीटर स्वतः थांबतो. सेन्सर मात्र नीट बांधा, पाण्याबाहेर लोंबकळला तर तो खोलीची थंडी मोजतो आणि हीटर रात्रभर चालू.

३०० वॅटचं गणित पण मांडतो. २०० लिटर पाण्यात ३०० वॅट अडकला तर उष्णता बाहेर जाणं सोडून दिलं तर तासाला साधारण १.३ डिग्री वाढ. १०० वॅटचा अडकला तर ०.४४, आणि नाशिकच्या थंडीत टँक तेवढी उष्णता अशीही बाहेर टाकतच असतो, म्हणजे सकाळपर्यंत फार काही बिघडत नाही. दोन १०० वॅटचे लावले तर एक बंद पडला तरी दुसरा थोडं तरी धरून ठेवतो. हां, दोन हीटर म्हणजे बिघडायला दोन वस्तू, हे मान्य. पण मोठ्याचा बिघाड टँक संपवतो.

पाचवा नियम, चला, अर्धा बरोबर. कॉन्टॅक्ट झिजतात त्यामुळे बदलणं बरं, मी दर दोन हिवाळ्यांनी बदलतो. व्हिनेगरनेही चुन्याचा थर निघतो. फक्त प्लग काढून, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ देऊन मग बाहेर काढा, गरम काच हवेत कोरडी तापली आणि परत पाण्यात गेली की तडकते. ह्याच कारणाने संपमध्ये (टँकखालची पाण्याची पेटी) रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत वर टँकमध्ये टाकणाऱ्या पंपाच्या कप्प्यात हीटर उभा ठेवू नका, बाष्पीभवनाने आधी तिथलंच पाणी उतरतं.

हे सगळं व्हॉइस नोटवर सांगितलं भावाला. आज दुपारी त्याचा फोन, इलेक्ट्रिशियन आलाय आणि विचारतोय की माशांच्या पेटीला आरसीसीबी कशाला. म्हटलं दे त्यालाच फोन.