क्रूझवर आजारी पडलात तर उतरण्याआधी कागद हातात घ्या

क्रूझवर कोणी आजारी पडलं, हा काही कंपनीचा गुन्हा नाही. पण आजारी माणसाला केबिनमध्ये बसवून त्याच्याकडे पाठ फिरवायची, विचारलेल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही आणि वर बिल लावायचं, याला मात्र कंपनीच जबाबदार असते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच तक्रारीला धार येते. परत आल्यापासून मी याच विषयात डोकं घालून बसले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांचं बुकिंग झालंय त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि सासूबाई. सहल अर्ध्यावर आली असताना एका रात्री सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या, पहाटेपर्यंत जुलाबही. सकाळी माझीही तीच गत. मेडिकल सेंटरला फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं. सासूबाईंच्या अंगातलं पाणी कमी झालं होतं, त्यांना सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टर आणि नर्सबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. त्यांनी सांगितलं की बरं वाटेपर्यंत केबिनबाहेर पडायचं नाही, तेही आम्हाला पटलं. इतरांना लागण होऊ नये म्हणून ते करायलाच हवं.

पुढचं मात्र अजून डोक्यातून जात नाही. जेवण केबिनमध्ये येईल असं सांगितलं होतं. ट्रे आला तो दाराबाहेर कार्पेटवर ठेवलेला, दार न वाजवता. नवऱ्याने सहज दार उघडलं तेव्हा दिसला. क्रीम घातलेलं सूप पार गार होऊन त्यावर साय धरली होती, शेजारी तळलेले बटाटे. ज्या बाईच्या पोटात घोटभर पाणी टिकत नाही तिच्यासाठी! साधं काहीतरी द्या म्हणून रिसेप्शनला फोन लावला, तर नुसतं संगीत वाजत राहिलं. उलटीने खराब झालेली चादर आम्ही गुंडाळून बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवली, ती दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच. आयसोलेशनच्या केबिनमध्ये नेहमीचा सफाईवाला येत नाही म्हणे, खास पथक येतं. ते पथक कधी येणार, हे कोणालाच सांगता येईना. टीव्हीवर आमचं खातं उघडलं, तर मेडिकल सेंटरचं बिल मात्र वेळेवर चढलेलं होतं. बंद खोलीत काढलेल्या दिवसांच्या टिप्ससुद्धा.

आता थोडं या आजाराबद्दल. बोटीवर उलट्या-जुलाबांची साथ आली की बहुतेक वेळा त्यामागे नोरोव्हायरस असतो. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या एका शाळेत साथ आली होती, त्यावरून त्याचं नाव पडलं. शंभराहूनही कमी विषाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो, बहुतेकांना तो १ ते ३ दिवस राहतो, पण बरं वाटल्यावरही दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ विषाणू शरीरातून बाहेर पडत राहतो. कठडे, लिफ्टची बटणं, बुफेतले चमचे यांवर तो दिवसेंदिवस टिकतो. आणि अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही! साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान २० सेकंद हात धुणं, हाच उपाय. आमच्या बोटीवर बुफेच्या दाराशी एक हसतमुख मुलगी प्रत्येकाच्या हातावर जेलचा फवारा मारत उभी असायची आणि लोक निर्धास्तपणे आत जायचे. तिला जे काम दिलं होतं ते ती करत होती. त्याऐवजी तिथे बेसिन बसवायचं काम कंपनीचं.

कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या म्हणण्यानुसार नोरोव्हायरसच्या नोंदलेल्या साथींपैकी क्रूझवरच्या साथी जेमतेम १ टक्का भरतात. इस्पितळं आणि वृद्धाश्रमांत त्या कितीतरी जास्त होतात. शिवाय १२ ते ४८ तासांचा तो काळ बघता एखाद्याने विमानतळावरून किंवा मधल्या बंदरावरून विषाणू आणला असेल, तर ते शोधून काढणं जवळपास अशक्य. म्हणूनच ‘तुमच्या बोटीने मला आजारी पाडलं’ अशी तक्रार केली की कंपनी एका ओळीत ती उडवून लावते. सिद्ध करा म्हणते, आणि ते आपल्याला करता येत नाही.

पण साथ आहे हे माहीत असूनही तुम्ही प्रवाशांना सांगितलं का? हे विचारता येतं. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या बोटींना उलट्या-जुलाबांच्या रुग्णांची नोंद ठेवावी लागते आणि बंदरात शिरण्याआधी ती सीडीसीला कळवावी लागते. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी २ टक्के लोक आजारी झाले की वेगळा अहवाल द्यावा लागतो. ३ टक्के किंवा जास्त झाले की सीडीसी त्या बोटीचं नाव सर्वांना दिसेल असं जाहीर करते. ३००० प्रवाशांच्या बोटीवर ३ टक्के म्हणजे ९० माणसं. ८० माणसं आजारी असतील तर सीडीसीला कळतं, पण बोटीचं नाव जाहीर होत नाही. आणि ही मोजणी फक्त मेडिकल सेंटरला कळवलेल्यांची असते. जो केबिनमध्ये घरची गोळी घेऊन पडून राहिला, तो हिशेबात येतच नाही.

लोक लपवतात का, तर कळवलं की खोलीत कोंडून घेतात आणि वर तपासणीचे पैसे लावतात. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची. साथ रोखायची असेल तर आजारी माणसाने पुढे येऊन सांगायला हवं, आणि कंपनीने व्यवस्था अशी केलीय की सांगणाऱ्यालाच भुर्दंड. काही कंपन्या पोटाच्या आजारासाठी तपासणीचे पैसे घेत नाहीत. सगळ्यांनी हेच करायला हवं, आणि कोंडलेल्या दिवसांचं भाडंही परत द्यायला हवं. तेवढं केलं तर पहिल्याच उलटीला लोक फोन करतील आणि पुढची पन्नास माणसं वाचतील. हे कंपनीच्याही फायद्याचं आहे.

तक्रार कशी करायची, याबद्दल आता. तिकिटाबरोबर जो लांबलचक करार येतो तो कोणी वाचत नाही, पण सगळं घोडं तिथेच अडतं. अमेरिकी बंदरांतून ये-जा करणाऱ्या बोटींच्या बाबतीत, प्रवाशाला इजा झाल्याच्या दाव्यात कंपनीला लेखी कळवायला ६ महिन्यांपेक्षा आणि खटला भरायला १ वर्षापेक्षा कमी मुदत ठेवता येत नाही. बऱ्याच कंपन्या तिकिटात जवळपास तेवढीच ठेवतात. खटला कुठे भरायचा, ते ठिकाणही करारातच लिहिलेलं असतं. १९९१ मध्ये कार्निव्हल कंपनीच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट वैध ठरवली, म्हणजे राहता कुठेही, भांडायचं ते कंपनी सांगेल त्या गावात. जिथे अथेन्स करार (समुद्री प्रवाशांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) लागू होतो तिथे खटल्याची मुदत साधारण २ वर्षांची, पण आजारपणाच्या बाबतीत कंपनीचा निष्काळजीपणा दाखवायची जबाबदारी प्रवाशाचीच. डॉक्टरच्या चुकीला आम्ही जबाबदार नाही, तो स्वतंत्र आहे, असंही कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्या. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका फेडरल अपील न्यायालयाने रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या खटल्यात सांगितलं की बोटीवरच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणासाठी कंपनीवरही दावा होऊ शकतो. फार महत्त्वाचा निकाल आहे तो.

आपल्यापैकी बहुतेकांना कोर्टात जायचंच नसतं. बिल माफ व्हावं आणि सरळ उत्तर मिळावं, एवढीच अपेक्षा असते. त्यासाठी एकच सांगते, उतरण्याआधी लेखी द्या. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर तोंडी भांडून उपयोग नाही. माणूस कितीही नम्र असला तरी तुमचं बोलणं त्याच्या शिफ्टबरोबर संपतं. आयसोलेशन कधी सुरू झालं आणि कधी संपलं, याचं पत्र मागा. मेडिकल सेंटरकडून तपासणीची नोंद आणि तपशीलवार बिल मागा. बोट सोडल्यावर हेच कागद मिळवायला ईमेलांवर ईमेल करावे लागतात. प्रवास विम्याला तर त्यांच्याशिवाय हातच लावता येत नाही. काही पॉलिसींमध्ये केबिनमध्ये बंद राहावं लागलं तर दिवसागणिक ठराविक रक्कम मिळते, ती या पत्राशिवाय कशी मागणार? नवऱ्याने प्रत्येक ट्रेचा आणि त्या चादरीचा फोटो काढला होता, फोन कधी लावला ते वहीत लिहिलं होतं. आज आमच्या तक्रारीत जो काही दम आहे तो त्या फोटोंचा आणि वहीचा.

तक्रार लिहिताना खालच्या कर्मचाऱ्याचं नाव घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. आम्हाला शेवटी पाण्याच्या बाटल्या आणि स्वच्छ चादरी मिळाल्या त्या आमच्या केबिनची सफाई करणाऱ्या मुलाने स्वतःहून आणून दिल्या म्हणून. त्याला आमच्या दाराशी यायची परवानगी नव्हती. ही मुलं महिनोन् महिने घरापासून लांब, सुट्टीच्या दिवसाशिवाय राबतात. खास पथकात माणसं किती ठेवायची, आयसोलेशनमध्ये कोणतं अन्न द्यायचं, फोनवर किती जण बसवायचे, हे ती ठरवत नाहीत. कंपनीचं कार्यालय ठरवतं. तक्रारीचा रोख तिथेच हवा. नाव घ्यायचंच असेल तर कौतुकाच्या पत्रात घ्या, त्याचा त्यांना खरंच उपयोग होतो.

क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रवाशांच्या हक्कांची एक सनद जाहीर केली. नद्या आणि किनाऱ्यालगतचं पाणी सोडून पुढे जाणाऱ्या बोटींवर पूर्णवेळ तातडीची वैद्यकीय सेवा हा त्यात हक्क म्हणून लिहिलेला आहे. चांगलं आहे. पण केबिनमध्ये बंद केलेल्या माणसाला वेळेवर पाणी, पचेल असं अन्न आणि स्वच्छ अंथरूण मिळेल, असं कलम त्यात नाही. ते यायला हवं, आणि प्रवाशांनी तक्रारींतून ते पुन्हा पुन्हा मागितल्याशिवाय कोणी आपणहून घालणार नाही.

आमच्या तक्रारीवर कंपनीचं पहिलं उत्तर आलं ते दिलगिरीचं, सोबत पुढच्या क्रूझवर वापरायचं क्रेडिट, तेही मुदतीचं. सासूबाई म्हणाल्या, “मला पुन्हा बोटीवर जायचंच नाही, तर ते घेऊन करू काय?” आम्ही ते नाकारलं. मेडिकल सेंटरचं बिल आणि त्या दिवसांच्या टिप्स परत मागितल्या आहेत, आणि एका प्रश्नाचं लेखी उत्तर: आम्ही पहिला फोन केला त्या सकाळी बोटीवर आणखी किती जण याच आजाराने पडून होते? अजून उत्तर नाही. आलं की याच पोस्टखाली टाकते. कोणाला असं उत्तर कधी मिळालं असेल तर पत्रात नेमकं काय लिहिलं होतं ते मला जरूर सांगा.