साखर बंद केलीस का?

मुलाला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ) आहे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "साखर बंद केलीस का?" परवा एका बारशाला एका काकूंनी तर लेकाच्या हातातला पेढाच काढून घेतला. वर मला म्हणाल्या, "गूळ चालतो हं." नऊ वर्षांचं पोर माझ्याकडे बघत राहिलं आणि मी नेहमीसारखी गप्प बसले. म्हणून इथे बोलतेय.

१९९४ मध्ये अमेरिकेत काही आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला भरपूर साखर पाजली आहे. प्रत्यक्षात साखरेचा कणही दिला नव्हता. तरी त्यांना आपली पोरं जास्त चळवळी वाटली! पुढच्याच वर्षी बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आणि साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडत नाही असं निघालं. दातांसाठी कमी करा, जरूर करा. पण हा आजार माझ्या साखरेच्या डब्यातून आलेला नाही. (हा प्रश्न त्याच्या बाबाला आजवर कुणीही विचारलेला नाही.)

रंगांचं मात्र मी मनावर घेते. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला साध्यासुध्या मुलांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकवणारं रसायन) घातलेलं पेय दिलं, तर चंचलपणा थोडा वाढलेला दिसला. २०१० पासून युरोपात त्या अभ्यासातल्या सहा रंगांच्या खाऊवर तसा इशारा छापावा लागतो. तेव्हा दुकानात मी पाकीट उलटं करून १०२, ११०, १२२, १२४ हे त्यातल्या रंगांचे नंबर शोधत बसते. दुकानदार वैतागून म्हणतो, "ताई, ताजा माल आहे!"

आमच्या डॉक्टरांनी आहाराचं भाषण दिलं नाही, रक्त तपासायला लावलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी निघालं. लोहाचं औषध सुरू झालं आणि दुपारची चिडचिड जरा कमी झाली. अभ्यासाला बूड टेकतं का? नाही. त्याला गोळी आहे, थेरपी आहे.

आणि खाण्याचा खरा प्रश्न त्या गोळीनेच उभा केलाय. दिवसभर भूकच मरते. डबा जसा जातो तसा परत येतो, भेंडी वाळलेली, पोळीची घडीसुद्धा मोडलेली नसते. म्हणून गोळीआधी, पावणेसातला, लोण्याचा गोळा घातलेलं थालीपीठ. मग थेट रात्री. काल साडेनऊला ओट्याशी उभ्याउभ्या तिसरी पोळी चालली होती, तूपगुळाशी.

गूळ चालतो म्हणे.