'डायनासोरचं हाड म्हणजे नुसता दगड' हा मेसेज का चुकीचा आहे

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणे डायनासोरची हाडं म्हणजे निव्वळ दगड, आत मूळचं काही उरलेलंच नसतं, त्यामुळे तो किती वर्षं जगला, किती वेगाने वाढला हे शास्त्रज्ञ मनानेच ठरवतात, छोटं हाड सापडलं की नवी जात जाहीर करून मोकळे होतात, आणि हाडात रेघा दिसतात म्हणजे ते थंड रक्ताचे होते हे तर कधीच सिद्ध झालंय. मला हा विषय फार जवळचा आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही, एकेक मुद्दा घेतो.

आधी 'नुसता दगड'. अहो, जिवंत प्राण्याचं हाडसुद्धा वजनाने जवळपास दोन तृतीयांश खनिजच असतं! मेल्यावर कोलॅजन, म्हणजे हाडातले प्रथिनाचे तंतू, बहुतेक निघून जातं, पोकळ्यांमध्ये बाहेरची खनिजं भरतात, पण मूळ खनिजाची मांडणी बऱ्याचदा तशीच राहते आणि तिच्यात रक्तवाहिन्या कुठून जात होत्या, पेशी कुठे बसल्या होत्या, तंतू कुठल्या दिशेला होते हे सगळं उमटलेलं असतं. हाडाचा काप रेझिनमध्ये बसवून, काचेवर चिकटवून, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासायचा. मग मायक्रोस्कोपखाली त्या पेशींच्या रिकाम्या जागा एकेक करून दिसतात, कोट्यवधी वर्षांनंतर. हे बघताना अजूनही अंगावर काटा येतो.

आता 'वेग आणि वय मनानेच ठरवतात'. प्राणी भराभर वाढत असेल तर हाड घाईघाईत रचलं जातं, तंतू विस्कटलेले आणि रक्तवाहिन्यांची दाट जाळी. सावकाश वाढणाऱ्यात नीट थरावर थर आणि रक्तवाहिन्या कमी. हे आजच्या पक्ष्यांत, सस्तन प्राण्यांत, मगरींत बघून ठरलंय. वाढ थांबते तिथे रेघ पडते, आणि ती वर्षाला एक असते हे कशावरून, तर जिवंत मगरींना आणि समुद्री कासवांना टेट्रासायक्लिनसारखं हाडात चमकणारी खूण सोडणारं औषध देऊन, काही वर्षांनी त्या खुणेनंतर किती रेघा पडल्या ते मोजून. यात कल्पना कुठे आली?

रेघा म्हणजे थंड रक्त, हा मुद्दा मात्र खरंच एकेकाळी शास्त्रज्ञही मांडायचे. पण 2012 मध्ये उष्ण कटिबंधापासून ध्रुवाजवळच्या प्रदेशापर्यंतच्या, रवंथ करणाऱ्या जंगली प्राण्यांची हाडं तपासली गेली आणि या पक्क्या गरम रक्ताच्या प्राण्यांतही वर्षागणिक रेघा निघाल्या. म्हणजे रेघ सांगते की वर्षातल्या अमुक काळात वाढ थांबली, रक्त थंड की गरम हे ती सांगत नाही. उलट बाजूही बघा, आजचे बहुतेक पक्षी वर्षाच्या आत पूर्ण वाढतात म्हणून त्यांच्यात रेघा सहसा दिसत नाहीत, पण न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याच्या हाडात 9 पर्यंत रेघा सापडल्यात, आणि तो पक्षीच होता ना?

'छोटं हाड म्हणजे नवी जात' हे तर पार उलटं आहे, कारण सूक्ष्मरचना बघतात ती नेमकी हीच चूक टाळायला. जर्मनीत सापडलेला युरोपासॉरस हा लांब मानेच्या अवाढव्य डायनासोरांच्या गटातला, पण इतका लहान होता की आधी पिल्लूच वाटलं, पण हाडाच्या अगदी बाहेरच्या कडेला रेघा दाटीने आलेल्या होत्या, म्हणजे वाढ संपलेली होती, सुमारे 6 मीटरचा तो प्रौढच होता. हे 2006 चं काम. आणि गोष्ट फक्त डायनासोरची नाही, काश्मीरमध्ये सापडलेल्या इंडोह्यस या हरणासारख्या छोट्या प्राण्याच्या पायाची हाडं आतून जाड आणि भरीव निघाली, पाणघोड्यासारखी, त्यावरून आणि दातांच्या रासायनिक तपासणीवरून तो पाण्यात उतरायचा हे कळलं, आणि व्हेलचा तो जवळचा नातेवाईक.

मर्यादा आहेतच, त्या लपवायचं कारण नाही. हाड वाढताना मधली मज्जापोकळी रुंदावते आणि आतल्या, म्हणजे लहानपणीच्या रेघा पुसून टाकते, त्यामुळे दिसतात तेवढ्या रेघा म्हणजे कमीत कमी वय, उरलेली वर्षं त्याच जातीच्या लहान प्राण्यांच्या हाडांवरून काढावी लागतात आणि हे आकडे नंतर बदलू शकतात. तसंच अंडी घालणाऱ्या पक्षिणीच्या हाडात कॅल्शियम साठवायला एक खास तात्पुरतं हाड तयार होतं, तसं 2005 मध्ये मोंटानातल्या एका टी. रेक्समध्ये असल्याचं सांगितलं गेलं, पण काही आजारांतही हाड तसंच दिसतं, म्हणून एकट्या कापावरून मादी म्हणता येत नाही, रासायनिक तपासणीही करावी लागते.