स्लाइड-शो करणाऱ्यांसाठी काही अत्यंत उपयुक्त टिपा

तुम्हाला कुणी ‘रिसोर्स पर्सन’ म्हणून प्रशिक्षण द्यायला बोलावलंय ना, मग पहिलं काम हे करायचं, वर्डमधली जी काय नोट्सची फाइल असेल ती उचलून सगळीच्या सगळी स्लाइडवर पेस्ट मारायची. काटछाट बिलकूल नाही. मजकूर चौकटीत मावला नाही तर पॉवरपॉइंट आपणहून अक्षर बारीक करतो, त्याला करू द्यायचं. मागच्या बाकावर दिसत नसेल तर दोष मागच्या बाकावरच्याचा, पुढे बसायला काय झालं होतं त्याला? मग पडद्याकडे तोंड, लोकांकडे पाठ, आणि सुरू. शब्दन् शब्द वाचा, ‘इत्यादी’सुद्धा वाचा. समोर शिक्षक बसलेत म्हणजे त्यांना वाचता येत असेल असा गैरसमज नको.

रंग? निळ्यावर लाल. विषय संपला.

व्ह्यू मेनूत स्लाइड मास्टर म्हणून एक प्रकार असतो, तिथे एकदा फॉन्ट, रंग, लोगो लावला की सगळ्या स्लाइडवर आपोआप लागतो. असल्या आळशी माणसांच्या सोयींच्या नादाला लागू नका. प्रत्येक स्लाइडवर लोगो हाताने चिकटवा, कुठे जरा वर, कुठे जरा डावीकडे, म्हणजे स्लाइड पुढे सरकली की लोगो टुणकन उडी मारतो आणि जेवून आलेली माणसं जागी राहतात.

व्हिडिओ नेटवरूनच चालवा. हॉलमधल्या रेंजबद्दल गोव्यात कुणाला काही सांगायची गरज नाही.

आता फॉन्ट. हे नीट ऐका. मराठी स्लाइड करायची म्हणजे कृतीदेवच वापरायचा, तोच जो कधीकाळी कुणीतरी घरच्या कॉम्प्युटरवर टाकून दिलेला. युनिकोड आणि त्यातले मंगल, निर्मला हे विंडोजमध्ये मिळणारे फॉन्ट, ही नावं कानावरसुद्धा येऊ द्यायची नाहीत. पेन ड्राइव्हवर नुसती फाइल घ्यायची, फॉन्ट घरी ठेवायचा, आणि ती नेऊन हॉलमधल्या भलत्याच लॅपटॉपला जोडायची. परवा फोंड्याला आमच्या प्रशिक्षणात अगदी असंच झालं. धो धो पाऊस, कोण वाळपईहून आलेलं कोण पेडण्याहून, शनिवारची दुपार, विषय काय तर मराठी शिकवताना तंत्रज्ञानाचा वापर! पडदा उजळला आणि वर ‘मराठी’ ह्या शब्दाच्या जागी इंग्रजी ई, जे, के, बी, एच. खाली अख्खी स्लाइडभर तसलीच भेळ. ह्या जुन्या फॉन्टात मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वरून देवनागरीचा मुखवटा, फॉन्ट नसला की मुखवटा गळला. फाइल, मग ऑप्शन्स, मग सेव्ह, तिथे फॉन्ट फाइलमध्येच बसवून टाकायची एक चौकट असते, तिच्यावर एक टिचकी मारायला किती वेळ लागतो हो? तेही नको, पीडीएफ करून आणा! पण नाही. बोलायला आलेले साहेब म्हणाले, “फॉन्टचा जरा इश्यू आहे, सांभाळून घ्या,” आणि त्या ई-जे-केवर लेझरचा लाल ठिपका फिरवत म्हणाले, “हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.” कुठला मुद्दा? त्यांनाही माहीत नव्हतं, कारण नोट्स म्हणजेच स्लाइड आणि स्लाइड म्हणजेच नोट्स. मग कुणाच्या तरी भाच्याला फोन, मग व्हॉट्सअ‍ॅपवर फॉन्ट, मग तो इन्स्टॉल होईना, तोवर बाहेर बन्स गार, चहावर साय. शेवटी एकदाचा फॉन्ट आला आणि साहेबांनी एफ५ दाबलं. एफ५! म्हणजे परत पहिली स्लाइड, परत ‘सुस्वागतम’, परत मान्यवरांची नावं. शिफ्ट धरून एफ५ दाबलं की चालू स्लाइडपासून सुरू होतं, शो चालू असताना स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर मारला की थेट तिथे जाता येतं, आणि हे सांगायला भाचा लागत नाही.

शेवटच्या स्लाइडवर गुलाब. वर धन्यवाद. गुलाब फिरता असावा.

तुम्ही म्हणाल सॉफ्टवेअरच तसलं. नाही हो. १९८७ साली पॉवरपॉइंट पहिल्यांदा आलं तेव्हा ते फक्त मॅकवर चालायचं आणि काळ्यापांढऱ्यात पानं बनवायचं, ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटसाठी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी फोरथॉट ही कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली. फिरता गुलाब नव्हता, बोलायचं माणसालाच लागायचं. आजही शोमध्ये बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की स्लाइड परत येते. दाबा ना मग एकदा ते बी! पडदा काळा करा आणि आमच्याकडे बघून बोला. तुम्हीही कधीतरी खडू घेऊन वर्ग सांभाळलाय, तेव्हा काय फळ्याकडे तोंड करून तासभर वाचत होता?

समोर बसलेले लोक पट टिकवायला दारोदार फिरतात, यंदा पहिलीत पोरं किती ह्या काळजीत असतात, त्यांची सुट्टीची दुपार तुम्ही वाया घालवली आणि वर फीडबॅक फॉर्म भरून घेतला, ‘उत्कृष्ट’वर खूण करा म्हणून. नाही केली मी. आदल्या दिवशी हॉलवर जाऊन एकदा फाइल उघडून बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही, लाज कशी वाटत नाही? तयारी होत नसेल तर सांगा येत नाही म्हणून, आम्ही आपापसात बोललो असतो तरी जास्त शिकलो असतो.

आणि ती फाइल ग्रुपवर टाकलीय ती काढा. मोबाइलवरचे फोटो होते तसे कोंबलेत, कॉम्प्रेस पिक्चर्स नावाचं बटण हात न लावलेलं, फोन भरला माझा. आणि उघडून बघितली तर परत ई-जे-के-बी-एच.