बॅगेतल्या गोळ्या आणि परक्या देशाचा कायदा

परदेशातल्या 'गमतीदार कायद्यां'ची एक यादी सारखी फिरत असते. सिंगापूरमध्ये च्युइंगम चघळलं की तुरुंग, वगैरे. मला त्या यादीचा मनापासून राग येतो. एक तर ती अर्धवट असते. सिंगापूरने १९९२ साली बंदी घातली ती च्युइंगमच्या आयातीवर आणि विक्रीवर. लोक मेट्रोच्या दारांच्या सेन्सरवर गम चिकटवायचे, दारं लागायची नाहीत, गाड्या खोळंबायच्या. २००४ पासून तिथे औषधी गम फार्मसीत मिळतोसुद्धा. आणि दुसरं म्हणजे, यादी वाचून माणूस हसतो आणि खरोखर अडकवणारी वस्तू बॅगेत तशीच राहते.

ती वस्तू म्हणजे औषधं.

२०१७ मध्ये एक ब्रिटिश महिला इजिप्तला जोडीदाराकडे निघाली. त्याची पाठ दुखायची म्हणून तिने ट्रामाडॉलच्या २९० गोळ्या सोबत घेतल्या. ब्रिटनमध्ये हे औषध डॉक्टर लिहून देतात. इजिप्तमध्ये नशेसाठी त्याचा इतका गैरवापर होतो की कायदा अतिशय कडक आहे. हुरघाडा विमानतळावर तिला अटक झाली आणि पुढे तीन वर्षांची शिक्षा. 'मला माहीत नव्हतं' हे तिचं सांगणं मला खरं वाटतं, शिक्षाही फार वाटते. पण माझ्या वाटण्याने तिची एक रात्रही कमी झाली नसती.

जपानचंही तसंच. चोंदलेल्या नाकासाठीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्या तिथे नेता येत नाहीत. एडीएचडीवर, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकारावर, अमेरिकेत सर्रास दिलं जाणारं ॲडरॉल तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी चालत नाही. अमिरातीत खसखससुद्धा निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. ई-सिगारेट सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बेकायदा.

थायलंडला जाणाऱ्यांनी फोनही जपून वापरावा. राजघराण्याच्या अपमानाचं कलम ११२ प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं देतं, आणि सोशल मीडियावरची पोस्टही त्यात येते. हा कायदा मला पटत नाही. तरी तिथे पाहुणी म्हणून गेले तर मी तो पाळेन.

इटलीतल्या सार्डिनियाच्या वाळूबद्दल मात्र मी पूर्णपणे त्या बेटाच्या बाजूने आहे. २०१९ मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत १४ बाटल्यांमध्ये सुमारे ४० किलो वाळू सापडली. आठवण म्हणून नेत होते म्हणे! वाळू उचलल्यास तिथे ५०० ते ३००० युरो दंड होऊ शकतो. प्रत्येकाने एकेक बाटली नेली तर किनारा उरणार कसा?

ओळखीतलं कुणी निघालं की मी आधी गोळ्यांची पाकिटं बघायला लावते. ब्रँडचं नाव नको, आतल्या औषधाचं नाव वाचा आणि ते त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर शोधा. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, चिठ्ठी सोबत असू द्या. काही औषधांना आधी लेखी परवानगी लागते आणि ती आदल्या रात्री मिळत नाही.